सोंगाआडचा माणूस

शिमगा आठ दिवसांवर आला की आमच्या सारसोळ्यात दुकानांच्या दारात पिचकाऱ्यांच्या शेजारी प्लॅस्टिकचे मुखवटे लोंबू लागतात. वाघ, माकड, राक्षस, सिनेमातले कुणी बलदंड वीर. तिकडे कोळीवाड्यात होळीची धामधूम चाललेली असते आणि इकडे नेरूळच्या इमारतींतली पोरे आईचा पदर ओढून "एक घे ना" म्हणून हट्ट धरतात. गेल्या शिमग्याला आमचा आठ वर्षांचा धाकटा राक्षसाचे तोंड लावून दारामागून एकदम पुढे आला आणि त्याने मोठ्याने आरोळी ठोकली. आम्ही दचकल्यासारखे केले. तेव्हा त्याने मुखवटा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "पप्पा, घाबरू नका. मीच आहे!"

पोरगा खेळता खेळता बोलून गेला, पण मुखवट्याची सारी विद्या त्यात आली. समोर राक्षस आणि मागे आपलाच माणूस. जगात जेथे जेथे माणूस नाटक करू लागला, तेथे बहुतेक ठिकाणी त्याने कधी ना कधी तोंडावर दुसरे तोंड चढवले. ग्रीस, जपान, कोरिया, श्रीलंका, लडाख, बंगालातील पुरुलिया आणि आपल्या महाराष्ट्रात जव्हार-मोखाडा. २०२० साली करोनाच्या साथीने 'मास्क' हा शब्द घरोघरी पोचवला. तो मास्क जीव वाचवण्यासाठी होता. नाटकातला मुखवटा माणूस घालतो तो दुसरे कुणी तरी होण्यासाठी. दुसरे कुणी झाल्यावर माणूस कसा वागतो आणि मुखवटा उतरल्यावर कसा वागतो, हे आपल्या समाजाने नीट पाहण्यासारखे आहे. म्हणून वाचकांशी हे बोलणे.

संकासुराची तहान

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. लहानपणी शिमग्याला आम्ही आईवडिलांबरोबर गावी जात असू. कोकणात त्या दिवसांत खेळे निघतात, त्यांत संकासुराचे सोंग असते. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी, तोंड झाकलेले, लांब पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. हा संकासुर पोरांच्या मागे धावतो आणि पोरे किंचाळत घरात पळतात.

आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असू. खेळे आमच्या वाडीच्या कडेने चालले होते. संकासुराने आम्हाला मागून गच्च धरले, उचलले आणि गरगर फिरवले. आम्ही भीतीने डोळे मिटून घेतले. वाडीतल्या बाया हसत होत्या. थोड्या वेळाने तो आमच्या अंगणाबाहेर आंब्याखाली टेकला आणि त्याने तोंडावरचे सोंग उतरवले. आतून घामाने निथळलेला गावातलाच एक माणूस निघाला. वडिलांच्या चांगल्या ओळखीचा. ऊन मी म्हणत होते. आई तांब्याभर पाणी घेऊन पुढे गेली. त्याने तांब्याकडे पाहिले, मग इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "नको वयनी, तहान नाय." एवढे बोलून ओठांवरून जीभ फिरवत तो वरच्या वाडीकडे निघून गेला.

आम्ही वडिलांना विचारले, "त्याला खरंच तहान लागली नव्हती?"

वडील म्हणाले, "लागली होती रे. पण मुखवटा काढला ना त्यानं."

संकासुर असताना ज्याने आम्हाला छातीशी धरले, त्याला माणूस झाल्यावर आमच्या घरचे पाणी चालले नाही. त्या दिवसापासून कुठलेही सोंग पाहिले की आमच्या मनात एकच प्रश्न येतो: याच्या आत कोण आहे, आणि हे उतरल्यावर तो काय करील?

मोखाड्याची वाट

आमच्या कचेरीतील एक सहकारी मोखाडा तालुक्यातले, आदिवासी समाजातले. डबा खाताना हा संकासुराचा किस्सा आम्ही त्यांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "दादा, एकदा आमच्याकडचा बोहाडा बघा. सोंगं काय असतात ते कळेल तुम्हाला."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही हा बेत बोलून दाखवला. तेथील एक आजोबा ताबडतोब म्हणाले, "अरे, देवांची सोंगं ती. बाबासाहेबांनी छप्पन साली बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या कशासाठी?" आजोबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही म्हणालो, "आजोबा, पाया पडायला जात नाही, डोळे उघडे ठेवून बघायला जातो. लेकरांना हे सगळं टीव्हीवर दिसतंच. त्यापेक्षा ते कसं घडवतात आणि कोण घालतं, हे त्यांना जवळून दिसलेलं बरं." आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग जा. पण काय बघितलंस ते येऊन सांग." हा लेख म्हणजे आजोबांना दिलेला जबाबच समजा.

चैत्रातल्या एका शनिवारी आम्ही, सौ. आणि धाकटा असे निघालो. नेरूळहून ठाणे, ठाण्याहून कसारा लोकल आणि कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे जीपने मोखाडा. हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके पालघरमध्ये गेले. होळी सरली की वैशाखापर्यंत या पट्ट्यात आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील काही गावांत बोहाड्याच्या रात्री चालतात. कुणी त्याला भोवाडा म्हणतात, कुणी भवाडा. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा समाजांचे लोक त्यात असतात. मोखाड्याचा जगदंबेच्या यात्रेतला बोहाडा तर दूरवर नाव असलेला.

रात्रभर चाललेली सोंगे

जेवणे उरकल्यावर संबळ आणि पिपाणी सुरू झाली. गावाच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसलेली, बाया लेकरांना मांडीवर घेऊन. टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग रस्त्याच्या एका टोकाकडून नाचत नाचत येते. पहिले मान गणपती आणि शारदेचे. मग एकामागून एक सोंगे: खंडेराव, नरसिंह, भीम, बकासुर, हिडिंबा, रावण, कुंभकर्ण. संवाद जवळजवळ नाहीत. सोंग वाद्याच्या ठेक्यावर पावले टाकते, पुढे येते, मागे हटते, गिरकी घेते. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी आणि त्यानुसार वाद्याचा ठेकाही बदलतो. जाणते माणूस डोळे मिटूनही सांगू शकेल की आता कोण आले.

सहकाऱ्यांच्या घरी दुपारी आम्ही मुखवटे जवळून पाहिले होते. जुने मुखवटे लाकडाचे, उचलताना दोन्ही हात लागावेत इतके जड. पुष्कळ मुखवटे आता कागदाच्या लगद्याचे करतात. कागद भिजवून कुटायचा, त्यात खळ मिसळायची, साच्यावर थर चढवायचे, वरून फडके चिकटवायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि मग रंग द्यायचा. डोळ्यांच्या जागी बारीक फटी. त्यातून समोरचे हातभर दिसले तर दिसले. म्हणून मुखवटा डोक्याला घासू नये यासाठी आधी फडके गुंडाळतात, मग दोरीने पक्का बांधतात आणि नाचणाऱ्याच्या बरोबर एक माणूस सतत असतो. वर्षभर हे मुखवटे घरात जपून ठेवायचे, हंगामाच्या आधी रंग उजळायचा. कोणते सोंग कोणत्या घराचे, हे परंपरेने ठरलेले असते आणि तो मोठा मान समजतात.

धाकट्याने मुखवटा उलटा करून पाहिला. आत घामाचे डाग होते, कुणाच्या तरी कपाळाने झिजलेली जागा होती आणि दोरीची गाठ होती. त्याची भीती तेथेच गेली. रात्री तोच मुखवटा टेंभ्यांच्या उजेडात नाचत आला, तेव्हा आजूबाजूच्या माणसांनी हात जोडले, एक मावशी आरतीचे ताट घेऊन पुढे झाली. धाकट्याने आमचा हात ओढला. "पप्पा, आपण पण पाया पडायचं?"

आम्ही म्हणालो, "नाही. ज्यांना पडायचं ते पडू देत, त्यांना हसायचंही नाही. आपण आत जो माणूस आहे ना, त्याचा खेळ संपला की त्याला जय भीम करू. रात्रभर नाचतोय तो."

ढोल कुणाचा?

बोहाड्यात आम्हाला सर्वांत थक्क केले ते वाजवणाऱ्यांनी. सोंगे बदलतात, एकाचा घाम वाळेपर्यंत दुसरा पुढे येतो. वाद्ये मात्र थांबत नाहीत.

पूर्वेकडे छाऊ नावाचे नृत्य आहे. त्याचे तीन प्रकार. पश्चिम बंगालातील पुरुलिया आणि झारखंडमधील सराईकेला येथे मुखवटे घालून नाचतात, ओडिशातील मयूरभंजला मुखवट्याविना. पुरुलियाजवळ चरिदा नावाचे गाव आहे, तेथे घराघरांत मुखवटे बनतात. मातीच्या साच्यावर कागदाचे थर, वर चिकणमाती आणि फडके, मग रंग, मणी आणि पिसे. २०१० साली युनेस्कोने छाऊला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. छायाचित्रे छापून येतात ती मुखवट्यांची. ढोल, धमसा आणि सनई वाजवतात ते मात्र मुखी, कालिंदी अशा तळाच्या समजल्या गेलेल्या समाजांचे लोक.

हे वाचताना आपल्या वाचकांना फार काही समजावून सांगायला नको. गावच्या जत्रेत वाजवायचे कुणी, दिवटी धरायची कुणी, आणि पंगत उठल्यावर जेवायचे कुणी, हे आपल्या आज्या-आजोबांना ठाऊक होते. १९५६ नंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी ही गावकीची कामे टाकली. त्यापायी कित्येक ठिकाणी बहिष्कार सोसला. त्यांनी वाद्याचा द्वेष केला नव्हता. त्या वाद्याबरोबर गळ्यात बांधलेला हलकेपणा त्यांना नको होता.

राक्षसाचा रंग काळा का?

बोहाड्यातला शेवटचा मोठा प्रसंग पहाटेचा. जगदंबा आणि महिषासुर यांची लढाई. सारे गाव जागे असते. धाकटा पेंगत होता, तोही उठून बसला आणि त्याने विचारले, "पप्पा, राक्षस नेहमी काळाच का असतो?"

प्रश्न आठ वर्षांच्या पोराचा, पण दीडशे वर्षांपूर्वी महात्मा जोतीराव फुले यांनी तो मोठ्या माणसांपुढे टाकला होता. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. त्यात जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून त्यांनी एकेका अवताराची गोष्ट उलगडून पाहिली. ज्यांना पुराणांनी दैत्य आणि राक्षस म्हटले, ते या भूमीचे मूळचे धनी आणि रक्षणकर्ते होते, असे त्यांचे म्हणणे. नरसिंहाबद्दल त्यांचा खुलासा तर आपल्या विषयाला चांगलाच लागू पडतो. अर्धा माणूस आणि अर्धा सिंह असला प्राणी होत नसतो. एका कपटी माणसाने अंग रंगवून सिंहाचे खोटे तोंड लावले आणि दबा धरून हिरण्यकश्यपूचा घात केला, असे जोतीरावांनी लिहिले. म्हणजे पुराणातला चमत्कार त्यांनी मुखवटा म्हणून ओळखला आणि त्याची मागची गाठ सोडून दाखवली.

मजेची गोष्ट अशी की बोहाडा पाहणाऱ्या आदिवासी बांधवांनाही राक्षसांची सोंगे नकोशी नाहीत. रावण, बकासुर, हिडिंबा आली की लोक खुलतात, आणि ती घेऊन नाचण्यातही मान असतो. राक्षसाला कुरूप रंगवले असले, तरी त्याच्या आत नाचणारा त्यांच्या घरचा आहे. पोरांना कुठल्याही गोष्टीतला राक्षस दिसला की एवढे विचारायला शिकवा: याला राक्षस म्हणाले कोण?

बौद्ध देशांतले मुखवटे

आपल्यापैकी काहींना वाटेल की मुखवटे आणि बुद्धाचा धम्म यांचा काय संबंध? इतिहासात तो फार जुना आहे. इ.स. ६१२ मध्ये कोरियातील बेकजे राज्यातून मिमाजी नावाचा कलावंत जपानमध्ये गेला आणि त्याने 'गिगाकू' नावाचा मुखवट्यांचा खेळ तेथे नेला. बौद्ध विहारांच्या आवारात हे खेळ होऊ लागले. सारे डोके झाकणारे मोठे लाकडी मुखवटे आणि त्यात थट्टामस्करीही भरपूर. इ.स. ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी विहारात बुद्धाच्या भव्य मूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला. मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान मिळाला तो भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्खूला. त्या सोहळ्यात गिगाकूचा खेळ झाला. तेव्हाचे मुखवटे आजही तेथे जपून ठेवलेले आहेत. आपल्या देशातून धम्म पुसला जात होता त्या काळाच्या उंबरठ्यावर जपान्यांनी एका भारतीय भिक्खूचा असा सन्मान केला, हे वाचून ऊर भरून येतो.

लडाखमधील हेमिस विहारात आणि भूतानमध्ये भिक्खू स्वतः मुखवटे घालून 'छम' नावाचे नृत्य करतात. त्यातली कवटीचे मुखवटे घातलेली सोंगे पाहणाऱ्याला अनित्यतेची आठवण करून देतात. तेथील बौद्ध परंपरा वज्रयानाची, देवदेवतांनी भरलेली. बाबासाहेबांनी दिलेली वाट वेगळी आहे, हे विसरून चालणार नाही. श्रीलंकेत तर 'सन्नी' नावाच्या विधीत आजार आणणाऱ्या अठरा भुतांचे मुखवटे असतात. आंधळेपणाचा वेगळा, बहिरेपणाचा वेगळा. भुते नाचतात, लोक त्यांच्या फजितीला हसतात आणि शेवटी बुद्धाची आज्ञा मानून ती निघून जातात. हसल्याने रोग्याचे मन हलके होत असेल, ते आम्ही नाकारत नाही. पण लेकराला ताप आला तर दवाखान्यातच न्यायचे. मुखवटा कला म्हणून थोर, औषध म्हणून नव्हे.

लाकूड एकच, भाव अनेक

मुखवटा काम कसे करतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये डोंगराच्या उतारावर उघड्या नाट्यगृहांत हजारो लोक बसत. मागच्या माणसाला नटाचा चेहरा कसा दिसणार? मोठा मुखवटा लांबूनही दिसे. नट सारे पुरुष आणि तेही मोजके, तीनच. मुखवटा बदलला की तोच नट राजा, तोच राणी, तोच दूत. पुढे रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत मुखवट्याला 'पर्सोना' म्हणत. इंग्रजीत माणसाला म्हणतात तो 'पर्सन' शब्द त्यातूनच आला. मुखवट्याच्या शब्दातून माणसाचा शब्द निघावा, हे विचार करण्यासारखे आहे.

जपानचे 'नो' नाटक चौदाव्या-पंधराव्या शतकात कान्आमी आणि त्यांचा मुलगा झेआमी यांनी घडवले. त्यातील मुखवटे हिनोकी नावाच्या लाकडातून कोरतात. तरुणीचा मुखवटा पाहिला तर त्यावर हसूही नाही आणि रडूही नाही. नटाने मान किंचित वर केली की उजेड पडून तो हसल्यासारखा दिसतो, किंचित खाली केली की सावली पडून उदास होतो. लाकूड तसेच राहते, भाव पाहणाऱ्याच्या मनात उमटतो. ही किमया साधायला नटाला आयुष्य घालवावे लागते.

खाटकाचे तोंड

आता आम्हाला सर्वांत जवळच्या वाटलेल्या मुखवट्याकडे येतो. कोरियात हाहोए नावाचे गाव आहे. तेथील लाकडी मुखवटे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे मानतात आणि ते त्या देशाचा राष्ट्रीय ठेवा आहेत. त्यांत उमराव आहे, पंडित आहे, भिक्खू आहे, नवरी आहे, म्हातारी आहे, नोकर आहे आणि 'बेकजोंग' आहे. बेकजोंग म्हणजे जनावरे मारणारा, कातडे कमावणारा. कोरियात या लोकांना शेकडो वर्षे अस्पृश्यासारखे वागवत. त्यांची वस्ती निराळी, पोशाखावर बंधने, इतरांसारखी काळी टोपी घालायला मनाई, लहान पोरानेही त्यांना अरेतुरे करायचे. ओळखीचे वाटते ना?

खेळ करणारे गावातले साधे लोक. उमरावाच्या मुखवट्याचा जबडा वेगळा, दोरीने बांधलेला. नटाने मान मागे टाकली की उमराव खदाखदा हसतो, मान खाली घातली की रागावतो. एका प्रवेशात बेकजोंग बैल मारतो आणि त्याचे मांस विकायला आणतो. ते खाल्ले की ताकद येते म्हटल्याबरोबर उमराव आणि पंडित दोघे ते ओढण्यासाठी भांडू लागतात. ज्याची सावली नको, त्याच्या हातचे मांस हवे! लोक पोट धरून हसत. मुखवट्याआडून बोललेले असल्याने उमरावही ते चालवून घेत. २०२२ साली युनेस्कोने कोरियाच्या या मुखवटा-नाट्यांना आपल्या वारसा-यादीत घेतले.

पण वाचकहो, दुसऱ्या दिवशी सकाळी काय होई? मुखवटे पेटीत जात आणि बेकजोंग पुन्हा आपल्या वस्तीत. शेकडो वर्षे हसून झाले, तरी त्याची पायरी बदलली नाही. १८९४ साली कायद्याने हा भेद रद्द केला, तरी व्यवहारात तो राहिलाच. त्यांच्या मुलांना शाळेत घेत नसत. अखेर एप्रिल १९२३ मध्ये जिंजू शहरात बेकजोंगांनी आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी मिळून 'ह्योंगप्योंगसा' नावाची संघटना काढली. ह्योंगप्योंग म्हणजे तराजूची दोन्ही पारडी सारखी असणे. खाटकाच्या तराजूवरून समतेचे नाव घेतले. त्यानंतर चारच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. एका देशाला दुसऱ्याची खबर असो वा नसो, दुखणे एक होते आणि औषधही एकच निघाले: संघटना.

उघड्या तोंडाचा जलसा

आपल्या लोकांनीही रंगभूमी हाती घेतली. १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव फिरले. तमाशाचा बाज त्यांनी घेतला, पण देवादिकांचे गुणगान आणि अचकटविचकट विनोद बाजूला सारले. शाळा, पाणी, दारूबंदी, सत्याग्रह हे त्यांचे विषय. त्यांनी मुखवटा घातला नाही. कोरियातल्या खाटकाला धन्याची थट्टा करायला लाकडी तोंड लागले. जलसाकारांनी तीच गोष्ट स्वतःच्या तोंडाने, गावाच्या चव्हाट्यावर, कंदिलाच्या उजेडात सांगितली. त्याची किंमतही मोजली. पण सकाळी उठल्यावर त्यांना काही उतरवून ठेवावे लागत नव्हते.

म्हणून आमचे मत असे बनले आहे की मुखवट्याची कला जपावी, पाहावी, तिच्यामागच्या हातांना मान आणि मोबदला मिळावा. मात्र मुखवटा एका रात्रीपुरती बरोबरी देतो. कायमची बरोबरी उघड्या तोंडानेच मिळवावी लागते.

एक गोष्ट सांगायची राहिली. मोखाड्याच्या त्या पहाटे लढाई संपली. महिषासुर घेतलेला तरुण आमच्याजवळच येऊन बसला. सोबत्याने मागची गाठ सोडली, मुखवटा उतरवला. चेहरा लाल झालेला, केस कपाळाला चिकटलेले. धाकट्याने ठरल्याप्रमाणे पुढे होऊन त्याला जय भीम केला. तो हसला, त्यानेही जय भीम म्हटले आणि विचारले, "बाळा, पानी हाय का?"

धाकट्याने आपल्या खांद्यावरची शाळेची बाटली काढून दिली. त्याने ती तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. मग बाही तोंडावरून फिरवून बाटली परत दिली. उरलेले पाणी धाकटा प्यायला. दोघांनाही त्यात काही विशेष वाटले नाही. आम्हाला मात्र आमच्या आईचा तो तांब्या आठवला. आई आज असती तर हे तिला सांगितले असते.

सारसोळ्याला परतल्यावर रविवारी विहारात आजोबांना सगळे सांगितले. ते ऐकत राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहारातल्या पोरांना घेऊन आम्ही जुनी वर्तमानपत्रे भिजवून, खळ घालून मुखवटे केले. कुणी वाघ केला, कुणी म्हातारी, एका मुलीने आपल्या बसच्या कंडक्टर मावशींचा चेहरा केला. वाळल्यावर प्रत्येकाला मुखवट्याच्या आतल्या बाजूला स्वतःचे नाव लिहायला सांगितले. आजोबांनी एक मुखवटा हातात घेतला, उलटा केला, चष्मा वर सरकवून आतले नाव वाचले आणि त्या पोरीला हाक मारून म्हणाले, "हा तुझा का गं? छान झालाय."